बाजूच्या सीटची डहाळी

१८ नोव्हेंबर, सोमवार. हरिहरेश्वर.

पोचलो. पहाटे उरण सोडलं, माणगावला मिसळ खाल्ली, म्हसळ्याच्या अलीकडे गतिरोधकांवर लालीचं पोट दोनदा घासलं, आणि साडेअकराला सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसला तेव्हा मी एकटाच हसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदाच असेल.

लाली म्हणजे माझी गाडी. दोनच सीटची, लालभडक, बटण दाबलं की छप्पर मागे जातं. मिठागराशेजारची आमची जमीन रस्त्यात गेली तेव्हा बाबांनी दोन डंपर घेतले आणि मला विचारलं, तुला काय पायजे. मी लाली मागितली. सेकंडहँड आहे, दिल्लीच्या कुणाची तरी होती, पण आता पुरती आमची झालीय. मागच्या काचेवर आई एकवीरेचं नाव आहे. बाबा तिच्यात बसत नाहीत. म्हणतात, भुईला टेकूनच जायचं तर गाडी कशाला, मी चालत येतो.

लिहितोय ते कॉलेजचं जर्नल आहे. सुरुवातीची चौदा पानं प्रयोगांची, बाकी कोरी. पाचव्या सत्रात कॉलेज सुटलं. सुटलं कसलं, मीच सोडलं. कॅन्टीनमध्ये पियूष कल्पिताच्या वहीत काहीबाही लिहून हसत होता, मी त्याचा दात पाडला. माफीपत्र मागितलं तेव्हा ओळखपत्र टेबलावर फेकून निघालो. वाटलं, कल्पिता मागे येईल. आली ती, पार्किंगपर्यंत. म्हणाली, पियूषला मी बघून घेतलं असतं, त्याची मला भीती नाही वाटत परेश, तुझी वाटते. त्यानंतर तिने फोन उचलला नाही. पूर्वी तीच सांगायची की डोकं तापलं की बोलायच्या आधी लिहून काढ. म्हणून आता लिहितोय.

इथे पाठवलं बाबांनी. थोरे दिस लांब र्‍हा, डोकं थंड होव दे, एवढंच बोलले. माझा आत्येभाऊ निकेत याने इथे पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्यात. पाहुण्यांना खोल्या दाखवायच्या, मासळी सांगायची, फोन घ्यायचे, हे माझं काम. सोमवार ते गुरुवार सगळं रिकामं. निकेत म्हणाला, दुपारी दोन ते पाच तू आणि तुझी लाली, काय उंडगायचं ते उंडगा.

खोलीला खिडकी आहे. खिडकीतून लाली दिसते. बरं वाटतंय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज सावरीचा घाट चढलो. छप्पर उघडं, गवत पिवळं पडलेलं, उन्हात खमंग वास येतो त्याचा. बारा वळणं आहेत. सातव्या वळणावर डाव्या हाताला एकदम बाणकोटची खाडी उघडते, आणि पलीकडे समुद्र इतका शांत की होड्या चिकटवल्यासारख्या. तिसर्‍या गिअरमध्ये लाली जी काही गाते ना, ते ऐकवायला शेजारी कुणीतरी हवं होतं. कुणीतरी म्हणजे कोण ते लिहायला नको.

माथ्यावर डहाळदेव आहे. देऊळ नाही, नुसता दगड, आणि भोवती वाळलेल्या डहाळ्यांचा कमरेएवढा ढीग. तिथे एक म्हातारा कोयत्याने कडेचं गवत कापत होता. कृष्णाजी नाव. रस्त्याची डागडुजी करणारा मैलकुली होता, निवृत्त झाला, पण कोयता काही सुटला नाही. त्याने हात करून थांबवलं. इथली रीत सांगितली: घाट ओलांडणार्‍या गाडीने थांबायचं, गाडीत जितकी माणसं तितक्या हिरव्या डहाळ्या तोडून ठेवायच्या. झाड कुठलंही चालतं. एसटीचा कंडक्टर तिकिटं मोजून ठेवतो. तान्हं मूल असलं तरी त्याची एक. पोटुशी बाई असली तर दोन. देव मागत काही नाही. वर जितके आले तितके खाली उतरले का, एवढंच तो बघतो.

मग माझ्याकडे, लालीकडे, रिकाम्या सीटकडे बघून हसला. म्हणाला, येकलाच? येवढी भारी गाडी नि बाजूला कोन न्हाय? पलून गेली क काय?

माझं टाळकं सटकलं. त्याला काय माहीत होतं बिचार्‍याला, तो गंमत करत होता. पण मी म्हटलं, आहे एकजण, कल्पिता नाव तिचं, ती माझ्याच गाडीत बसते. आणि तिथल्या कुड्याच्या झाडाच्या दोन डहाळ्या मोडून दगडापाशी ठेवल्या. एक माझी, एक तिची. नाव घेऊन ठेवली.

म्हातार्‍याचं हसू गेलं. म्हणाला, उचल ती, दिस मावलायच्या आत उचल, नसलेलं मानूस मोजू नये. मी गाडी सुरू केली. आरशात बघितलं तर तो कोयता खाली ठेवून हात हलवत होता. मला वाटलं, भिऊन सलाम करतोय. बरंही वाटलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा घाट. माथ्यावरून उतरायला लागलो आणि उतारावरच्या पहिल्या दगडी मैलापर्यंत आलोही नाही तोच टिंगटिंग सुरू झाली. बाजूच्या सीटवर वजन असलं आणि पट्टा नसला की लाली अशी वाजते. सीटवर काही नव्हतं. पाण्याची बाटलीही नाही. थांबून सीटखाली हात घालून बघितलं, वायर हलवली, फुंकर मारली. बंद होईना. शेवटी रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला. गप्प झाली.

पट्टा सपाट पडायला हवा होता. थोडा फुगलेला वाटला. उघड्या गाडीत वारा शिरतो, त्याने असेल.

खाली पोचल्यावर खूप दमलो होतो. तेवीस किलोमीटरच चालवली होती.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज तेच. चढताना काही नाही. माथ्यावरून उतरताना टिंगटिंग, पट्टा लावला की शांत. आणि लाली जड होते. मी हे कुणाला सांगत नाही, पण गाडी कशी चालते ते चालवणार्‍याच्या पाठीला कळतं. एकटा असलो की वळणावर ती उजवीकडे जरा झुकते. उतरताना सरळ असते, दोन्ही बाजू भरल्यासारखी.

काल सीटला हात लावला. गरम होती. ऊन होतं म्हणा.

आज मी बोललो तिच्याशी. म्हणजे सीटशी. सगळं सांगितलं. पियूषचं, आणि जे पियूषचं नव्हतं तेही: तिला चौलला घरी पोचवायला गेलो होतो, वाटेत अलिबागला थांबून ती एका मुलाशी दोन शब्द बोलली, आणि मी तिचं घर येईपर्यंत एक शब्द बोललो नाही, नुसती गाडी पळवली. ती दरवाजाची कडी धरून बसली होती. तेव्हा मला ते दिसलं होतं. दिसूनही मी वेग कमी केला नाही.

सांगून हलकं वाटलं. माथ्यावर आजही दोन ठेवल्या. रोज दोनच ठेवतो. कृष्णाजी लांब उभा राहून बघतो, जवळ येत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

शनिवार-रविवार पाहुण्यांची गर्दी होती, तरी अर्ध्या तासासाठी जाऊन आलो. निकेत चिडला. म्हणाला, लोक सोलकढी मागतायत आणि हा घाटात हवा खातोय.

झोप भरपूर लागते, नऊ-नऊ तास, पण उठलो की कुणी रात्रभर राबवून घेतल्यासारखं अंग. जेवणात लक्ष नाही. आज दाढी करताना हात इतका जड झाला की अर्धी टाकून दिली.

सीट मागे सरकली आहे. कल्पिता बसली की पहिलं काम तेच करायची, सीट मागे घ्यायची आणि पाय वर. डॅशबोर्डवरच्या धुळीत टाचेसारखं काहीतरी उमटलंय. मी ते पुसलं नाही.

मला भीती वाटायला हवी ना? नाही वाटली. जपून चालवली फक्त. पहिल्यांदाच इतकी जपून.

२७ नोव्हेंबर, बुधवार

कल्पिताचा फोन आला. खरा. तिचा.

आवाज अगदी खोल गेलेला, आजार्‍यासारखा. तिने विचारलं, तू काय करतोयस ते खरं सांग. मी म्हटलं काही नाही, नोकरी करतोय. ती म्हणाली, गेल्या आठवड्यातल्या बुधवारपासून रोज दुपारी तीनच्या सुमाराला तिला ग्लानी येते. परीक्षेचा अभ्यास करता करता टेबलावर डोकं पडतं. आणि मग वळणं. डावीकडे, उजवीकडे, पोट ढवळतं, छातीवर पट्टा आवळल्यासारखं वाटतं आणि उतरता येत नाही. जाग आली की उलटी. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा आहे, सलाईन लावू. काल जाग आली तेव्हा मुठीत एक हिरवं पान होतं. चौलला त्यांच्या वाडीत सुपारी आहे, नारळ आहे. हे झाड तिथे नाही.

मी विचारलं, कसलं पान. तिने वर्णन केलं. कुड्याचं.

शेवटी म्हणाली, लालीचा वास येतो परेश, तो आरशाला लटकवलेल्या मोगर्‍याच्या सेंटचा. मला उतरव.

आता खरं लिहितो. हे ऐकून मला आधी आनंद झाला. की ती होती, रोज होती माझ्या शेजारी. अर्धा मिनिट तरी झाला असेल. मग लाज वाटली. पण आधी आनंद झाला.

तिला एवढंच म्हटलं, डॉक्टरांचं ऐक.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो. एकदाच म्हणून गेलो. तिला सांगायला की मला माफ कर. फोनवर सांगता आलं असतं. फोनवर ती उठून गेली असती.

डहाळी ठेवली नाही आज. एकही नाही. तरी उतरताना वाजली. पट्टा लावायला हात नेला आणि माझी बोटं कशाला तरी लागली. कापड. सुती. आत हाड होतं.

आठव्या वळणाला कुणीतरी ओकल्याचा आवाज.

संध्याकाळी अजित सरांचा फोन. कल्पिताचे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. माझ्याशी कधी बोलले नव्हते. दुपारी सव्वातीनला ती अंगणात पडली, अजून शुद्ध नाही, अलिबागला हॉस्पिटलमध्ये आहे. म्हणाले, आमच्या घरात देव-भुतं आम्ही मानत नाही, माझ्या वडिलांनी छप्पन साली ते सगळं नदीत सोडलं. तरी तुला विचारतोय, कारण ती तुझं नाव घेते. तू तिला काय केलंस?

रागावले नव्हते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

चावी निकेतच्या कपाटात ठेवली. दुपारी अंगणात बसून राहिलो. घाटात जायचंच नाही असं ठरवलं.

तीन वाजून पाच मिनिटांनी लाली वाजायला लागली. उभी होती. इंजिन बंद. चावी कपाटात. टिंगटिंग, टिंगटिंग. निकेतने आतून विचारलं, कसलं वाजतंय रे ते.

मी जवळ गेलो. सीट दबलेली होती. बसलेलं कुणी नाही आणि फोम दबलेला. काच आतून धुरकट होत होती, थोडी, परत थोडी. श्वासासारखी.

कल्पिताला शुद्ध नाही अजून. सरांना दोनदा फोन केला.

३० नोव्हेंबर, शनिवार

निकेतच्या स्कूटरवर माथ्यावर गेलो. ढिगात माझ्या डहाळ्या शोधल्या. शोधाव्या लागल्याच नाहीत. सगळा ढीग वाळून तपकिरी आणि तिची पहिली, मंगळवारची, हिरवीगार. ओढली. दगडात रुजल्यासारखी घट्ट. बोटं सोलली, निघाली नाही.

कृष्णाजी आला. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्याने पाणी दिलं. म्हणाला, त्या दिशीच उचलाया हवी व्हती, मी हात करत व्हतो ना. दोन वर गेलं, येक उतरला. आता तो दुसरं मानूस हुडकतो. तू नाव दिलंस, त्याने तेच धरलं. त्याला कशाला दोष.

मी विचारलं, मी रोज दोन ठेवल्या, मग आता किती देणं. तो म्हणाला, कितीदा ठेवलीस ते न्हाय बघत तो. मानूस येकच मोजलंय. त्या सीटवर जित्तं मानूस बसलं की पोरीला सोडंल, नि ते माथ्यावरनं दगडी मैलाच्या खाली उतरलं की मोजनी भरली. मंग पोरगी कायमची सुटली.

कोणीही? कोनीबी. बसलेला मोजतो, तोंड बघत न्हाय.

आणि जो बसेल त्याचं काय?

त्याने अंगठ्याने कोयत्याची धार तपासली. मग सांगितलं की त्याच्या नोकरीत असं एकदाच झालं. ट्रकवाल्याने मागे राहिलेल्या भावाची डहाळी ठेवली होती. भाऊ अंथरुणाला खिळला. शेवटी क्लीनर बसला त्या जागी. भाऊ बरा झाला, अजून आहे गोरेगावला. क्लीनर गाडीतून उतरला न्हाय, म्हणाला. ट्रक खाली आला, दरवाजा उघडला, उतरला न्हाय.

१ डिसेंबर, रविवार

दिवसभर खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या. ताटं लावली, उचलली. हात यंत्रासारखे.

सर म्हणाले, नाडी मंद आहे. मुंबईला हलवायचं का विचारतायत. तिच्या छातीवर आडवा वळ उठलाय, डाव्या खांद्यापासून. कशाचा ते डॉक्टरांना कळत नाही. मला कळतं.

निकेतला सगळं सांगून टाकलं. तो हसला आणि म्हणाला, एवढंच ना, चल, मी बसतो बाजूला, भुताला म्हणावं ऐंशी किलो उचल, तुझं तरी डोकं ठिकाणावर येईल. खरंच चप्पल घालायला लागला. त्याची मुलगी आरोही दारात उभी होती, मीपण येणार म्हणून.

मी हो म्हणणार होतो. तोंडात आला होता हो. निकेत बसला असता, कल्पिता उठली असती, आणि मी चालवत राहिलो असतो.

मग मी त्याच्या अंगावर ओरडलो. घाणेरडं बोललो, आत्येचं नाव काढून. तो चप्पल काढून आत गेला. माझ्याशी बोलत नाही आता. बरं झालं. हा एक राग तरी उपयोगी पडला.

२ डिसेंबर, सोमवार

माथ्यावर आहे. दुपारचे दोन चाळीस. लाली उताराकडे तोंड करून उभी. इंजिन बंद, गिअर काढलेला, नुसता हँडब्रेक. मैल इथून दिसतो, दोनशे पावलं. पहिलं वळण त्याच्या पुढे. डाव्या सीटवरून उजवा हात स्टिअरिंगपर्यंत पोचतो, करून बघितलं. मैल ओलांडला की ब्रेक ओढायचा. एवढंच.

कृष्णाजीला विचारलं होतं, मी इकडे बसलो तर गाडी कोण चालवणार. म्हणाला, चालवनार्‍याचं तो बघंल. आज तो इथे नाही. कोयता आहे गवतात.

बाबांना फोन केला. म्हटलं, जेवलात का. म्हणाले, तुझा आवाज थकलेला वाटतोय, ये घरी, दात पारला म्हनून काय पोर टाकायचं असतं. खूप दिवस झोपायचंय बाबा, म्हटलं.

तीन वाजले.

बसलो. डावीकडे. सीट गरम आहे. आधी दोघं असल्यासारखं दाटलं — मग कुणीतरी बाजूला सरकलं. जागा दिली. मोगर्‍याचा वास — तिच्या केसांचा नाही, लटकवलेला —

पट्टा लावला. मोठ्याने म्हटलं, ही डहाळी माझी. कल्पिता, तू उतर.

दरवाजा उघडला नाही. पण उतरली. लाली एका बाजूने हलकी झाली, पाठीला कळलं —

तीन आठ. सरांचा मेसेज. डोळे उघडले. पाणी मागितलं. तुझं नाव नाही घेतलं.

बरं. हेच हवं होतं. नाव नाही घेतलं.

आता हँडब्रेक. हात लावायच्या आधीच सुटला —

मी ओढला नाही. मी लिहितोय. दोन्ही हात जर्नलवर आहेत.

उजवी सीट दबली. हळू. खूप जड आहे. सगळी लाली उजवीकडे कलली. तिकडे बघत नाही. पानांचा वास — वाळलेल्या —

इंजिन सुरू नाही तरी गिअर पडला. मैल आला. ब्रेक ओढला मी — ओढला — हातात आलाय, गाडी चाललीय —

मैल गेला. मोजणी भरली ना. थांब म्हटलं. उतरतो म्हटलं. पट्ट्याचं बटण — दाबतोय — दाबतोय —

पहिलं वळण. फार सावकाश घेतलं त्याने. माझ्यासारखं नाही. मी दरवाजाची कडी धरलीय —

खाडी दिसतेय. अजून वळणं आहेत. बारा म्हणून मोजली होती मी, ही तर — सतरा — अठरा — बाबांना सांगा लाली खाली दिसली तर दरवाजा उघडून बघू नका, तिला तशीच —